ताकाशी शिमुरा : नायकामागे उभा राहिलेला नायक

जपानी चित्रपटांचा विषय निघाला, की दिग्दर्शक अकिरा कुरोसावा आणि तडफदार नायक तोशिरो मिफुने ही दोन नावे प्रथम ओठांवर येतात. मात्र, कुरोसावांच्या ३० चित्रपटांपैकी २१ चित्रपटांत दिसलेला चेहरा मिफुने यांचा नव्हे, तर ताकाशी शिमुरा या चरित्र अभिनेत्याचा आहे.

शिमुरा यांचा जन्म १२ मार्च १९०५ रोजी ह्योगो प्रांतातील इकुनो या खाणीच्या गावी, सामुराई परंपरेच्या घराण्यात झाला. तरुणपणी ओसाका महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी करीत त्यांनी रात्रवर्गात इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेतले. तेथेच नाटकाचे वेड लागले. रंगभूमीपायी कामावरील गैरहजेरी वाढली आणि नोकरी गेली. फिरत्या नाटक मंडळीत उमेदवारी करून १९३४ मध्ये ते पडद्यावर आले.

कुरोसावांच्या १९४३ मधील पहिल्याच चित्रपटात त्यांना भूमिका मिळाली. पुढे 'ड्रंकन एंजल'मधील मद्यपी डॉक्टर, 'स्ट्रे डॉग'मधील मुरब्बी पोलिस अधिकारी, 'राशोमोन'मधील लाकूडतोड्या अशा भूमिका त्यांनी गाजविल्या.

त्यांच्या अभिनयाचा कळस मात्र १९५२ च्या 'इकिरू'मध्ये दिसला. ३० वर्षे फायलींवर शिक्के मारण्यात घालविलेल्या महापालिका अधिकाऱ्याला कर्करोग झाल्याचे कळते. उरलेल्या दिवसांत तो वस्तीतील मुलांसाठी एक बाग उभी करतो. बर्फ पडत असताना त्याच बागेतील झोपाळ्यावर बसून मंद स्वरात गाणारे शिमुरा एकदा पाहिले, की विसरता येत नाहीत. ही भूमिका करताना ते अवघे ४७ वर्षांचे होते.

१९५४ मध्ये त्यांनी दोन टोके गाठली. 'सेव्हन सामुराई'मध्ये शेतकऱ्यांच्या रक्षणासाठी उभा राहणारा वडीलधारा योद्धा आणि 'गोजिरा'मध्ये राक्षसी प्राण्याला मारण्याऐवजी त्याचा अभ्यास करू पाहणारा शास्त्रज्ञ. दोन्ही भूमिकांत आरडाओरडा नव्हता. होता तो शांत डोळ्यांतील करुणभाव.

दोनशेहून अधिक चित्रपटांत काम केलेल्या शिमुरा यांच्या वाट्याला नायकपद क्वचितच आले. कुरोसावांनी १९८० च्या 'कागेमुशा'त त्यांच्यासाठी खास छोटी भूमिका लिहिली. ११ फेब्रुवारी १९८२ रोजी वयाच्या ७६व्या वर्षी टोकियोत त्यांचे निधन झाले.

महापालिकेतील नोकरी टिकली असती, तर तेही कदाचित शिक्के मारतच निवृत्त झाले असते. ती सुटली आणि शिक्के मारण्यात हरवलेल्या माणसाची व्यथा त्यांनी अजरामर केली.