अठ्ठावीस महिने

सावित्रीबाई फुले म्हटलं की आपल्याला भिडेवाडा आठवतो. १८४८ सालची मुलींची शाळा, अंगावर येणारं शेण, पिशवीतलं दुसरं लुगडं. प्राथमिक शाळेपासून आपण हेच ऐकत आलो आणि ३ जानेवारीला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हेच सांगतो. ते सांगायलाच हवं. पण या लेखात मला त्यांच्या आयुष्यातले अठ्ठावीस महिने सांगायचे आहेत, जुलै १८८८ ते नोव्हेंबर १८९०. या महिन्यांत सावित्रीबाई सगळ्यात आधी एका आजारी माणसाची बायको होत्या, आणि घरातला पैसा संपत चालला होता.

आधी थोडी मागची हकिकत. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. १८४० मध्ये जोतीरावांशी लग्न झालं. शिकल्या त्या लग्नानंतर. अहमदनगरला मिस फरार आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्याकडे त्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. जोतीरावही पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. १८४९ मध्ये शाळेच्या कामापायी दोघांना जोतीरावांच्या वडिलांचं घर सोडावं लागलं. तेव्हापासूनच मिळकत वेगळी आणि काम वेगळं, असा त्यांचा संसार होता. मुलींना शिकवण्याचं काम पगारासाठी नव्हतं. घर चालवायला जोतीराव दुसरीकडे कमवत.

आणि ते चांगले कमवत होते. जोतीराव गरीब होते अशी माझी उगीचच समजूत होती. प्रत्यक्षात ते बांधकामाचे ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाला दगड पुरवणं, कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल अशी कामं त्यांच्या नावावर आहेत. धातूच्या ओतकामाला लागणारं सामान विकायची एजन्सी होती, मांजरीला शेती होती. काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. म्हणजे पैसा येत होता, पण तो साठत नव्हता. शाळा, १८६३ मध्ये सुरू केलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह, बाहेरगावची शिकायला आलेली मुलं, १८७६-७७ च्या दुष्काळातली अन्नछत्रं, सत्यशोधक समाज आणि पुस्तकांची छपाई, सगळा खर्च याच घरातून व्हायचा. त्या घरात येणाऱ्यांचं जेवण सावित्रीबाई रांधत होत्या. स्वतःचं मूल नव्हतं. बालहत्या प्रतिबंधक गृहात एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत.

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात मोठी सभा झाली आणि जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली गेली. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली.

या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. मे महिन्यात हारतुरे, जुलैमध्ये अंथरूण. जोतीराव साठीच्या घरात, सावित्रीबाई सत्तावन्न वर्षांच्या, यशवंत शाळकरी वयाचा. ठेकेदारीत पेन्शन नसते. माणूस उभा असेपर्यंतच मिळकत. डॉ. विश्राम रामजी घोले हे सत्यशोधक समाजातले सहकारी, त्यांनी उपचार केले. हे मोठं भाग्य. पण डॉक्टर घरचा असला तरी रुग्णाला उठवणं, बसवणं, भरवणं, अंग पुसणं, रात्री जागणं हे घरच्या बाईकडेच राहतं.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या पप्पांना असाच झटका आला. ते फोंडा-पणजी मार्गावर खासगी बस चालवायचे. बांबोळीला गोमेकॉत उपचार चांगले झाले. आपल्याकडे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्डही आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. त्यामुळे हॉस्पिटलची भीती आम्हाला फारशी वाटली नाही. खरी ओढाताण घरी आल्यावर सुरू झाली. मोठ्या माणसांचे डायपर, फिजिओथेरपिस्टची फी, दर खेपेचं रिक्षाभाडं. यांतलं काहीच कार्डात बसत नाही. पप्पांची कमाई बंद झाली होती आणि ममा दिवसभर त्यांच्यापाशी, म्हणून तिचं शिवणकामही निम्म्यावर आलं. आजाराने एका माणसाला आडवं केलं, पण मिळकत दोघांची गेली. हे गणित मला तेव्हा कळलं. मग फुल्यांच्या चरित्रातली ही पानं मी पुन्हा उघडली.

जोतीराव त्या अवस्थेतही थांबले नाहीत. उजवा हात चालेना म्हणून त्यांनी डाव्या हाताने लिहायला घेतलं. सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक असं लिहिलं गेलं आणि १८८९ च्या एप्रिलपर्यंत पूर्ण झालं. ते छापून आलं १८९१ मध्ये, त्यांच्या माघारी. आपण त्या डाव्या हाताचं कौतुक करतो, आणि केलंच पाहिजे. पण पक्षाघाताच्या माणसाला लिहायला बसवायचं म्हणजे काय, हे मी घरी बघितलंय. पाठीला उशी लागते, तोल सांभाळायला कुणीतरी शेजारी लागतं, औषधाची वेळ लक्षात ठेवावी लागते. त्या पुस्तकात सावित्रीबाईंचे कष्टही आहेत असं मी मानते.

त्याच काळात, फेब्रुवारी १८८९ मध्ये, त्यांनी यशवंतचं लग्न हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीने लावलं. आजार आहे म्हणून घर बंद करून ठेवलं नाही. यशवंतचं शिक्षणही सोडू दिलं नाही. हाती पैसा नसताना मुलाला कामाला लावणं सोपं होतं. पुढे हाच यशवंत डॉक्टर झाला.

पण पैशाचं काय? ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मागितलं, त्यांना स्वतःसाठी मागणं फार जड जातं. १८९० पर्यंत परिस्थिती इतकी बिकट झाली की शेवटी दुसऱ्यानेच लेखणी उचलली. मामा परमानंद, म्हणजे नारायण महादेव परमानंद, प्रार्थना समाजातले कार्यकर्ते आणि पत्रकार. जुलै १८९० मध्ये त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहिलं. या जोडप्याने काय काम केलं, त्यात सावित्रीबाईंचा वाटा किती मोठा आणि आज त्यांची अवस्था काय, हे सगळं त्यांनी महाराजांच्या कानावर घातलं. सयाजीराव जोतीरावांना ओळखत होते आणि मानतही होते. तरी चार महिन्यांनी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, जोतीराव गेले. बडोद्याची मदत आली ती त्यानंतर, सावित्रीबाईंसाठी.

माझं म्हणणं एवढंच आहे. जो माणूस आजाऱ्याजवळ बसलेला असतो त्याला मदत मागायला वेळ नसतो, ताकद नसते आणि बऱ्याचदा तोंडही उघडवत नाही. आमच्या ममाने कुणालाच काही सांगितलं नव्हतं. शेजारच्या काकीने एक दिवस स्वयंपाकघरात डोकावून तांदळाचा डबा बघितला आणि ती काय ते समजली. तिने ममाला काहीच विचारलं नाही. बसमालकाकडे पप्पांचा राहिलेला पगार मागायला ती स्वतः गेली आणि आठवड्यातले दोन दिवस दुपारी पप्पांपाशी बसायला लागली, म्हणजे ममा मशीनवर बसू शकेल. परमानंदांनी पत्र लिहिलं तेच काम काकीने फोंड्यात चप्पल झिजवून केलं. फरक इतकाच की काकी वेळेवर आली.

जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं यावर वाद झाला. यशवंत दत्तक, म्हणून नातेवाइकांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः हातात घेतलं आणि त्या पुढे चालल्या. त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आपण भाषणात सांगतो. मला त्यात आणखी एक दिसतं. अठ्ठावीस महिने सगळं जिने उचललं, शेवटचं ओझंही तिनेच उचललं.

त्यानंतर त्यांनी सत्यशोधक समाजाचं काम पुढे नेलं. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. यशवंतने हडपसरला ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई तिथे आजाऱ्यांची सेवा करू लागल्या. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. तो वाचला. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. घरात दीर्घ आजारपण काढलेलं माणूस पुन्हा रुग्णापाशी जायला कचरतं, हे मी समजू शकते. त्या कचरल्या नाहीत.

तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेलच. तिथे जाल तेव्हा आजारी माणसाची चौकशी जरूर करा. मग स्वयंपाकघरात जा आणि तिथल्या बाईला विचारा, या महिन्याचं भागतंय का? ती हो म्हणेल. तरी थोडा वेळ थांबा.