सॅक्सोफोनचे जनक अडॉल्फ सॅक्स

वरचे चित्र सॅक्सोफोन या वाद्याचे आहे. पहिलीच्या मुलांनी ते रंगवले. वाद्य पितळेचे असते, म्हणून पिवळा रंग दिला.

हे वाद्य अडॉल्फ सॅक्स यांनी शोधून काढले. त्यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८१४ रोजी बेल्जियम देशातल्या दिनाँ गावी झाला. वडील वाद्ये बनवीत. छोटा अडॉल्फ लई धडपड्या. एकदा जिन्यावरून पडला, एकदा टाचणी गिळली. हे पोर जगतंय का नाही, अशी घरच्यांना काळजी. पण तो जगला आणि वडिलांसारखा कारागीर झाला.

१८४२ साली ते पॅरिस शहरात गेले. १८४६ साली सरकारने सॅक्सोफोनचा हक्क त्यांना दिला. आपल्या सनईला तोंडाशी पत्ती असते, तशी सॅक्सोफोनलाही एक असते. फुंकले की ती थरथरते अन् आवाज निघतो.

दुसऱ्या कारखानदारांना त्यांचा हेवा वाटला. त्यांनी कोर्टात खटले घातले. खटल्यांत पैसा गेला. तीनदा दिवाळे निघाले. तरी सॅक्स यांनी वाद्ये बनवायचे सोडले नाही. ७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते गरिबीतच वारले.

त्यांचा पैसा गेला, पण नाव गेले नाही. सॅक्सोफोन म्हटले की सॅक्स हे नाव आपल्या तोंडी येतेच.