शाहू महाराजांचे मुके सोबती

कोल्हापूरहून बंगळूरच्या वाटेने आग्नेयेस निघाले, की पाच-सहा कोसांवर कागल हे गाव लागते. दूधगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख काळ्या कसदार मातीचा आहे. घाटगे घराण्याची ही जहागीर होती. घाटगे पिढ्यान्‌पिढ्या घोड्याच्या पाठीवर वाढलेले. त्यांच्या वाड्यात माणसांची वर्दळ जितकी, तितकीच जनावरांचीही असे. पहाटे मोतद्दारांचे खरारे सुरू झाले, म्हणजे वाड्याला जाग येई.

या घराण्यात जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्या पोटी २६ जून १८७४ रोजी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव यशवंतराव. हेच पुढे कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज झाले. यशवंतरावांची आई राधाबाई ही मुधोळच्या घोरपडे घराण्यातील. मुधोळ म्हटले, की आजही सडपातळ, लांब पायांचे आणि वाऱ्यासारखे धावणारे शिकारी कुत्रे डोळ्यांपुढे येतात. घोड्यांचे घराणे बापाकडून आणि कुत्र्यांचा मुलूख आईकडून, असा हा वारसा होता. आईचा सहवास मात्र या बाळाच्या नशिबी फार नव्हता. यशवंतराव तीन वर्षांचेही झाले नव्हते, तोच १८७७ च्या मार्चमध्ये राधाबाई निवर्तल्या. यशवंतराव आणि त्यांचे धाकटे बंधू पिराजीराव ऊर्फ बापूसाहेब ही दोन मुले वडिलांच्या छायेत वाढू लागली.

१७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर यशवंतरावांचे दत्तकविधान झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे नऊ वर्षांचे होते. कालपर्यंत जहागीरदाराचा मुलगा असलेला हा बालक आज छत्रपती झाला. मुजरे, मानपान, दरबार यांचा गराडा त्याच्याभोवती पडला. दोनच वर्षांनी वडीलही वारले. ज्याला सारे मुजरा करतात, त्याच्याशी खेळायला कोण येणार? घोड्याला मात्र राजा आणि रंक यांतला भेद ठाऊक नसतो. लगाम हिसकला, तर तो छत्रपतीलाही खाली पाडतो. आणि मायेने पाठीवर हात फिरवला, तर मोतद्दाराच्या पोरामागूनही मुकाट्याने चालतो. पोरक्या झालेल्या या मुलाचा जीव जनावरांत रमला, यात नवल ते काय!

१८८५ पासून चार वर्षे शाहू महाराज राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात शिकले. तेथे भावनगरचे राजपुत्र भावसिंहजी यांच्याशी त्यांची घट्ट मैत्री जमली. दोघांनाही घोडदौड आणि शिकार यांचा नाद होता. पुढे कोल्हापुरातील एका प्रमुख रस्त्याला महाराजांनी या मित्राचे नाव दिले. कोल्हापूरकर आजही त्याला भाऊसिंगजी रस्ता म्हणतात. या रस्त्यावर आपल्याला आणखी एकदा यायचे आहे. राजकोटनंतरचे शिक्षण धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला.

राजवाड्याचे वैभव पाहायला आलेल्या पाहुण्याला महाराज बहुधा दिवाणखान्यात सापडत नसत. धिप्पाड शरीराचा, साध्या वेषातला हा राजा पागेत एखाद्या घोड्याचा खूर उचलून नाल तपासत असे, किंवा चंदीचा हरभरा नीट भिजला आहे की नाही, हे पाहत असे. घोडा राखणे हे कष्टाचे काम आहे. रोज खरारा करावा लागतो, पाणी-वैरण वेळेवर द्यावी लागते, पाठीला जीन लागून जखम झाली तर तिची देखभाल करावी लागते. हे सारे काम महाराजांना बारकाईने येत होते. म्हणूनच ते करणाऱ्या माणसाची किंमतही त्यांना कळत होती. एक उघडी, दणकट घोडागाडी त्यांच्या विशेष आवडीची होती. रस्त्याने जाताना ती मोठा आवाज करी, म्हणून लोक तिला खडखडा म्हणत. घोड्यांचे लगाम स्वतःच्या हाती धरून महाराज ती भरधाव हाकीत. बरोबर कधी पहिलवान असत, कधी नोकरचाकर. बग्गीत मागे रेलून बसणाऱ्या राजांपैकी ते नव्हते.

घोड्यांप्रमाणेच महाराजांना हत्तींचाही मोठा षोक होता. साठमारी हा हत्तीचा खेळ त्यांनी कोल्हापुरात रूढ केला. बडोद्याला हा खेळ प्रसिद्ध होता. भक्कम दगडी भिंतींच्या रिंगणात मस्तीला आलेला हत्ती सोडीत. हातात भाला व फडके घेतलेले चपळ साठमार त्याला डिवचीत आणि तो चाल करून आला, की जवळच्या बुरुजाच्या अरुंद फटीतून आत शिरत. माणूस मावेल पण हत्ती शिरणार नाही, अशा बेताने त्या फटी ठेवलेल्या असत. एक पाऊल चुकले, तर प्राणाशी गाठ! हा खेळ हत्तीच्या दृष्टीने सुखाचा होता, असे काही आज म्हणता यायचे नाही. तो खेळ आता उरला नाही. कोल्हापुरातील त्या भागाला मात्र साठमारी हेच नाव राहिले आहे. हत्तीला आवरण्याचे काम बळाने होत नाही, ते माहुताच्या विश्वासाने होते. दिवसाकाठी दीडशे किलोच्या आसपास चारा खाणारा तो डोंगरासारखा प्राणी एका फाटक्या अंगाच्या माणसाच्या इशाऱ्यावर गुडघे टेकतो. अशा विश्वासाच्या जागी महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील माणसांना माहूत म्हणून नेमले. कोचमनच्या जागाही त्यांना दिल्या. ज्यांच्या सावलीचाही लोक विटाळ मानीत, त्यांच्या हाती छत्रपतींचा हत्ती आणि छत्रपतींच्या गाडीचे लगाम आले. त्या काळी ही गोष्ट अनेकांना रुचली नाही. परंतु महाराज अशा कुरबुरीला भीक घालणारे नव्हते.

कोल्हापूरची खरी कीर्ती मात्र चित्त्यांमुळे पसरली. चित्ता हा बिबट्याहून वेगळा प्राणी. अंगाने सडपातळ, डोके लहान, पाय लांब, आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रूंच्या ओघळासारख्या दोन काळ्या रेषा. धावण्यात त्याची बरोबरी करणारा दुसरा चतुष्पाद प्राणी पृथ्वीवर नाही. रानात पकडलेला चित्ता माणसाळवून त्याच्याकडून काळविटांची शिकार करवून घेण्याची विद्या आपल्या देशात फार जुनी होती. कोल्हापुरात ती महाराजांनी आणि कागलच्या बापूसाहेबांनी आवडीने जोपासली.

ही विद्या मोठ्या धीराची होती. नव्या चित्त्याला प्रथम डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवीत. त्याचा रखवालदार रात्रंदिवस त्याच्याजवळ असे, त्याच्याशी बोले, त्याला हाताने मांस भरवी. हळूहळू चित्त्याला त्या आवाजाची आणि त्या हाताची ओळख पटे. पुढे तर तो मांजरासारखा बाजेवर पसरून झोपे. शिकारीच्या दिवशी डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीत बसवून माळावर नेत. काळविटांचा कळप दिसला, की टोपी काढीत. क्षणभर तो स्तब्ध उभा राही आणि मग दृष्टी ठरणार नाही अशा वेगाने झेप घेई. काही शे पावलांत काळवीट हाती लागले तर लागले. नाही तर तो दमून खाली बसे आणि रखवालदार येईपर्यंत जागचा हलत नसे.

या हौसेला एक दुःखाची बाजू होती. पाळलेल्या चित्त्यांना सहसा पिल्ले होत नसत. त्यामुळे प्रत्येक नवा चित्ता रानातूनच पकडून आणावा लागे. शिवाय माळराने नांगराखाली गेली आणि बंदुका वाढल्या. पुढे भारतातील चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या दरबाराला आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्यानंतर सत्तर वर्षांनी, २०२२ मध्ये, आफ्रिकेतील नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडण्यात आले. महाराजांच्या काळी शिकार हा राजेलोकांचा भूषणावह छंद समजला जाई. आज कायद्याने वन्य पशूंची शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. ज्या दाजीपूरच्या दाट रानात कोल्हापूरचे छत्रपती शिकार करीत, तेथे १९५८ पासून गव्यांना अभय आहे.

शिकारीच्या निमित्ताने महाराज रानोमाळ हिंडत. कुत्र्यांचा ताफा बरोबर असे. रात्री मुक्काम पडला, म्हणजे भोवती धनगर, शेतकरी आणि पारधी जमत. यांपैकी फासेपारधी हे जनावरांचा माग काढण्यात निष्णात. ओल्या मातीतील एका खुणेवरून कोणते जनावर, केव्हा आणि कोणीकडे गेले, हे ते अचूक सांगत. पण सरकारदरबारी ही सारी जमात चोरांची म्हणून नोंदलेली होती. रोज चावडीवर हजेरी देण्याची सक्ती त्यांच्यावर होती. एकाने चोरी केली म्हणून साऱ्या जातीला चोर ठरवणे महाराजांना पटले नाही. १९१८ साली त्यांनी अशा जमातींची हजेरी बंद केली. कोल्हापूरबाहेरच्या सोनतळीच्या तळावर त्यांनी पारध्यांना आसरा दिला आणि पहाऱ्याच्या कामावर ठेवले. ज्यांना लोक चोर म्हणत, त्यांच्या भरवशावर राजा निर्धास्त झोपू लागला.

प्रजेच्या गोठ्यातील जनावरांचीही महाराजांना काळजी होती. १८९६ मध्ये पावसाने दगा दिला. महाराजांना अधिकार मिळून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. विहिरी आटल्या, कडबा संपला. दुष्काळात शेतकरी आधी दागिना विकतो, मग भांडीकुंडी विकतो. बैल मात्र तो अगदी शेवटी विकतो, कारण बैल गेला म्हणजे पुढच्या वर्षीची पेरणी गेली. महाराजांनी भुदरगड, पन्हाळा या भागांत स्वतः फिरून पाहणी केली, स्वस्त धान्याची दुकाने उघडली आणि दरबारची राखीव कुरणे रयतेच्या गुरांसाठी मोकळी केली.

महाराजांच्या जनावरप्रेमाच्या या हकिकती आनंददायक आहेत. परंतु खुद्द त्यांच्या पागेतच एकदा अशी गोष्ट घडली, की महाराज संतापाने लाल झाले. गंगाराम कांबळे हा अस्पृश्य मानलेल्या समाजातील माणूस तेथे चाकरीस होता. घोड्यांची देखभाल करताना अंग घामाने भिजे, घसा कोरडा पडे. पागेतील हौदाचे पाणी घोडे पीत, सवर्ण नोकर पीत. गंगारामला मात्र त्याला शिवण्याची बंदी होती. त्याने त्या पाण्याला हात लावला, एवढ्या कारणावरून सोबतच्या नोकरांनी त्याला अंगावर वळ उठेपर्यंत मारले. महाराज त्या वेळी परगावी होते. ते परतल्यावर गंगारामने त्यांच्यापुढे पाठ उघडी केली. महाराजांनी अपराध्यांना कठोर शासन केले.

तथापि शिक्षेने वळ भरून निघत नाहीत आणि पाण्यावरचा विटाळही जात नाही, हे महाराज जाणून होते. त्यांनी गंगारामला चाकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले व त्यासाठी पैशांचे साहाय्य दिले. गंगारामने भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान थाटले व त्याला सत्यसुधारक हॉटेल असे नाव दिले. दुकान स्वच्छ होते, चहा चांगला होता. पण गिऱ्हाईक फिरकेना. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? मग एक दिवस त्या रस्त्याने ओळखीचा खडखडाट ऐकू आला. महाराजांनी गंगारामच्या दुकानासमोर घोडे थांबवले, भर रस्त्यात चहा मागवला आणि घोट घोट करून तो प्याले. गाडीत बसलेल्या उच्चवर्णीय मंडळींनाही तोच चहा दिला गेला. छत्रपती पीत असताना नाही कोण म्हणणार! पुढे हा क्रम वरचेवर चालू राहिला.

१९२० च्या मार्चमध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. भीमराव आंबेडकर होते. त्यांचे वय त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे होते. महाराजांचा मुक्काम तेव्हा शिकारीवर होता. तो सोडून ते मुद्दाम परिषदेला आले आणि या तरुण विद्वानाचे त्यांनी भरसभेत कौतुक केले.

६ मे १९२२ रोजी मुंबई येथे शाहू महाराजांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. कोल्हापूर पोरके झाले. पागेत घोडे तेच होते, हत्तीखान्यात हत्ती तेच होते. परंतु पहाटे त्यांच्या पाठीवर फिरणारा तो दणकट हात आता नव्हता. तीन वर्षांनी, १९२५ मध्ये, कोल्हापूरच्या नर्सरी बागेत महाराजांचे पहिले स्मारक उभे राहिले. ते दरबाराने उभारले नव्हते. अस्पृश्य समाजातील गोरगरिबांनी ते उभारले, आणि त्या कामात पुढाकार होता तो पागेतल्या गंगाराम कांबळे यांचा.