शिकागोचे महापौर अंतोन चेरमाक

शिकागो म्हटले की आपल्याला १८९३ ची सर्वधर्मपरिषद आणि स्वामी विवेकानंद आठवतात. त्याच सुमारास त्या शहरात विशीतला एक तरुण घोडा आणि गाडी घेऊन घरोघरी जळाऊ लाकूड विकत होता. पुढे १९३१ मध्ये हाच तरुण शिकागोचा महापौर झाला.

अंतोन चेरमाक यांचा जन्म ९ मे १८७३ रोजी क्लाद्नो येथे झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. वडील कोळशाच्या खाणीत मजूर. अंतोन वर्षाचे असताना कुटुंब अमेरिकेत आले आणि तिथेही नशिबी खाणच आली. आपल्या वणीकडच्या खाणींवर पोटासाठी दुरून आलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या घराची कल्पना करणे जड जाऊ नये. अंतोन यांचे शिक्षण बेताचेच झाले. लहान वयात तेही खाणीवर राबले आणि मग शिकागोला आले. अमेरिकन जिभेने चेरमाकचे सर्मॅक केले.

एका गाडीच्या अनेक गाड्या झाल्या. मालवाहतुकीच्या धंद्यातून घरे-जागांचे आणि विम्याचे व्यवहार आले. १९०२ मध्ये ते इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात गेले, १९०९ मध्ये नगरसेवक झाले आणि १९२२ मध्ये कुक परगण्याच्या मंडळाचे अध्यक्ष. राजकारण आणि संपत्ती हातात हात घालून वाढत गेली, हे त्यांच्या चाहत्यांनीही नाकारू नये.

त्यांचे बळ दारूबंदीच्या विरोधात होते. दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्याशेजारी राहणाऱ्या आपल्याला हे पचायला कठीण. पण चेक, जर्मन, पोलिश कुटुंबांत बिअर हे घरचे पेय होते आणि बंदी म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या राहणीवर घाला, असे त्यांना वाटे. अर्थात गुत्तेवाल्यांचे हितही त्यात होतेच. या विखुरलेल्या लोकांची मोट चेरमाक यांनी बांधली.

१९३१ च्या निवडणुकीत समोर विद्यमान महापौर विल्यम थॉम्पसन होते. त्यांनी चेरमाक यांच्या नावाची आणि हातगाडीची जाहीर टिंगल केली. चेरमाक यांचे उत्तर सौम्य होते: आपले लोक पहिल्या जहाजातून आले नाहीत, पण जमले तितक्या लवकर आले. टिंगल अंगलट आली. नाव उच्चारायला अवघड असलेल्या हजारो मतदारांना तो आपलाच अपमान वाटला आणि चेरमाक सुमारे १ लाख ९४ हजार मतांनी निवडून आले.

मात्र एक गोष्ट खटकते. थॉम्पसन यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या काळ्या वस्तीतील अनेकांना नव्या महापौरांनी नगरपालिकेच्या नोकरीतून काढले. परका म्हणून ज्याला हिणवले गेले, त्यानेच हे करावे!

शहर त्या वेळी मंदीने खंगले होते. कर वसूल होत नव्हता, शिक्षकांचे पगार महिनोन् महिने थकले होते. चेरमाक यांनी काटकसर केली, केंद्र सरकारपुढे हात पसरला. त्यात अडचण अशी की १९३२ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्यांनी रूझवेल्ट यांना आरंभी पाठिंबा दिला नव्हता. ते संबंध सुधारण्यासाठी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये मायामीला गेले. १५ तारखेच्या रात्री उद्यानातील सभेनंतर ते रूझवेल्ट यांच्या मोटारीजवळ असताना ज्युसेप्पे झांगारा या इटलीहून आलेल्या गवंड्याने गोळ्या झाडल्या. रूझवेल्ट बचावले, चेरमाक यांच्यासह पाच जणांना गोळ्या लागल्या. नेम कोणावर होता, याविषयी तर्ककुतर्क पुष्कळ झाले. झांगाराचा रोख मात्र सत्ताधीशांवरच होता. रूझवेल्ट यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतर दोनच दिवसांनी, ६ मार्चला, चेरमाक वारले. २० मार्चला झांगाराला देहदंड झाला.

शिकागोतील बाविसाव्या रस्त्याला पुढे चेरमाक यांचे नाव दिले गेले. शिक्षकांचा तुंबलेला पगार १९३४ मध्ये केंद्र सरकारच्या कर्जातून चुकता झाला.