रमाबाई रानडे : मोठेपणी शिकलेल्या आणि शिकविणाऱ्या

आपल्या वाचकांना पंडिता रमाबाई ठाऊक आहेत. त्यांच्याच नावाची, त्यांच्याच काळची, पुण्यातल्याच एका चळवळीत वावरलेली दुसरी रमाबाई मात्र आपल्या शब्बाथशाळांतून फारशी सांगितली जात नाही. ती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांची पत्नी.

हिचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकर घराण्यात झाला. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न झाले तेव्हा नवरा एकतीस वर्षांचा बिजवर, आणि विधवाविवाहाचा पुरस्कर्ता. वडिलांच्या हट्टापुढे तो नमला व सुधारकांच्या टीकेचा धनी झाला. मुलीला अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी लगेच पाटी हाती घेऊन तिला शिकवायला सुरुवात केली. पती शिकवी हे खरे, पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खायची ती हिनेच. पुढे पुण्यात मिस हरफर्ड या ख्रिस्ती शिक्षिकेकडून ती इंग्रजी शिकू लागली, तेव्हा शिवाशिवीचा प्रश्न निघाला आणि धड्यानंतर आंघोळीचा आग्रह सुरू झाला. हिने भांडण केले नाही, आणि धडाही सोडला नाही. आम्हाला हा सोशिकपणा कधी कधी अति वाटतो. पण त्या घरात दुसरी वाट कोणती होती?

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व आर्य महिला समाज निघाला. चार घरच्या बायका ठरल्या दिवशी एकत्र जमत, काही वाचीत, व्याख्यान ऐकत. रमाबाई रानडे त्या सभांना नेमाने जाऊ लागल्या. परीक्षा नाही, पदवी नाही. उंबरठा ओलांडून येणे हेच मोठे शिक्षण. पुढच्याच वर्षी पंडिताबाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि पुण्यातले पुष्कळ स्नेही दुरावले. १८९३ साली शारदासदनाच्या सल्लागारपदावरून रानडेही दूर झाले. ही गोष्ट आपल्याला बोचते, ती झाकण्यात अर्थ नाही.

१९०१ साली रानडे वारले. रमाबाई वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. मग बाहेर आल्या त्या अशा, की १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे आले. १९०८ मध्ये मुंबईत मलबारी व दयाराम गिदुमल यांनी सेवासदन काढले, त्याच्या अध्यक्षा रमाबाईच होत्या. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने पुण्याचे सेवासदन त्यांच्या स्वतःच्या वाड्यात सुरू झाले. शाळा मुलींसाठी होत्या. पण वीस-पंचवीस वर्षांच्या, संसारात पडलेल्या किंवा विधवा झालेल्या बाईने मुलींच्या बाकावर कसे बसावे? तिच्यासाठी येथे वेगळे वर्ग निघाले. लिहिणेवाचणे, शिवण, पुढे शिक्षिकेचे आणि परिचारिकेचे काम. परिचारिकेच्या कामाला तेव्हा प्रतिष्ठा नव्हती. ससून रुग्णालयात विधवांना त्या शिक्षणासाठी पाठवायचे म्हणजे घरोघर जाऊन समजूत घालावी लागे.

एका बक्षीस समारंभात केशवपन केलेली एक विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, तेव्हा सज्जातले विद्यार्थी हसले. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई खवळल्या. यांच्यापैकी प्रत्येकाच्या घरी विधवा बहीण किंवा आत्या असेल, आणि दुष्ट रूढीने गांजलेल्या बाईला हे हसतात, असे त्यांनी भर सभेत सुनावले. सभा चिडीचूप झाली.

वर्गाच्या चार भिंती त्यांना पुरत नव्हत्या. येरवड्याच्या तुरुंगात स्त्री कैद्यांना भेटायला त्या नेमाने जात. रुग्णालयात फळे, फुले व पुस्तके घेऊन जात, आणि सणासुदीला सुधारगृहातल्या मुलांना खाऊ देत. १९१३ साली दुष्काळात गुजरात-काठेवाडकडे मदतीसाठी गेल्या. उतारवयातही आषाढी-कार्तिकीला सेवासदनाच्या भगिनींना बरोबर घेऊन आळंदीच्या यात्रेत वारकरी बायकांची सेवा करीत. ज्या बायका परवापर्यंत चुलीपाशी होत्या, त्या आता रमाबाईंच्या मागोमाग यात्रेच्या गर्दीत दुसऱ्यांना आधार देत फिरत होत्या. आपल्या भगिनीमंडळांच्या सहली बहुधा जेवणाच्या डब्यापाशी संपतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

१९२४ साली रमाबाई वारल्या. त्या वेळी पुण्याच्या सेवासदनात निरनिराळ्या शाखांतून हजारावर स्त्रिया शिकत होत्या.