रघुनाथरावांचा दंड

मंठ्याच्या शाखेत शेतीकर्जाचा अधिकारी होतो, त्या काळात थकबाकीदारांना नोटिसा धाडण्याचे काम माझ्याकडे होते. मजकूर छापील, नाव आणि आकडा तेवढा भरायचा. जप्ती, लिलाव, खर्चासह वसुली हे शब्द मुद्दाम पेरलेले. त्यातले निम्मे आम्ही करणार नाही, हे आम्हाला ठाऊक असे. कर्जदारापेक्षा जामीनदाराला नोटीस गेली की पैसा लवकर येई, कारण सही घेणारा पोस्टमन साऱ्या गल्लीला दिसायचा. मार्च जवळ आला, वरच्या कार्यालयाचे फोन सुरू झाले, की आमची भाषा अधिकच करडी होई. खरे तर भ्यालेलो आम्हीच असायचो. एकदा एका म्हाताऱ्या जामीनदाराने नोटीस टेबलावर ठेवून विचारले, की साहेब, यातले नक्की काय काय करणार? मी त्याला चहा पाजला.

हाच प्रश्न आयुष्यभर विचारत जगलेला माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा, जन्म 1882चा, पेशा गणिताच्या प्राध्यापकाचा. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्या कामापायी 1925 साली विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. दबाव आणणाऱ्यांची चूक मला तिथेच झालेली दिसते. नोकरी ही पांढरपेशा माणसाची दुखरी नस. तीच गेल्यावर दाबायला उरले काय?

जुलै 1927मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. लैंगिक प्रश्नांवर वाचक पत्रे धाडत, कर्वे सरळ उत्तरे छापत. लेखाला लेखाने उत्तर देता आले असते. पण मग मुद्दा खोडावा लागतो. फिर्यादीत तो त्रास नाही, माणूस आरोपी झाला की पुरे. 1931 साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून पुण्याच्या सनातनी मंडळींनी त्यांना अश्लीलतेच्या खटल्यात गुंतवले. अटक झाली, 100 रुपये दंड झाला. 1934 साली वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला. या वेळी वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. वाचकांना शंका असतील तर त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे, अशी त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. न्यायाधीशांना ते पटले नाही. दंड 200 रुपये.

बँकेच्या माणसाला आधी आकडे दिसतात. पदरमोड करून चालवलेल्या मासिकाला ही रक्कम थोडी नव्हे. पण अशा खटल्याची खरी वसुली दंडाच्या पावतीवर नसते. छापणारा, विकणारा, नाव देऊन वर्गणी भरणारा, या साऱ्यांनी दोन पावले मागे सरकावे, हा हिशेब असतो. आमच्या जामीनदाराच्या नोटिशीचाच हा थोरला भाऊ.

कर्वे दोन्ही खटले हरले, हे विसरून त्यांची आरती ओवाळू नये. दंड त्यांना झाला तो झालाच. पण मासिक चालूच राहिले. पंचवीस वर्षांहून अधिक काळ ते निघत होते. 14 ऑक्टोबर 1953 रोजी कर्वे वारले आणि मग ते थांबले.