वडील गेले, नाव बदललं, कॉलेज सुटलं; त्याच मुलाने मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून दिलं

बाप आपल्या मुलाकडे त्याचं तारुण्यच मागतो आणि मुलगा ते देऊनही टाकतो. ‘ययाति’ची ही गोष्ट महाभारतातली. पण मराठी घराघरात ती पोहोचली ती वि. स. खांडेकरांमुळे.

खांडेकरांचा जन्म 11 जानेवारी 1898 चा, सांगलीतला. घरचं नाव गणेश आत्माराम खांडेकर. शाळकरी वयातच वडील गेले. शिकण्यासाठी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले, तेव्हाच नात्यातल्या सखाराम खांडेकरांना ते दत्तक गेले. गणेश आत्मारामचा विष्णू सखाराम झाला. एक वडील मृत्यूने नेले, त्यांचं नाव दत्तकविधानाने गेलं. पुढे शिक्षणही अर्धवट राहिलं.

1920 मध्ये ते वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्यात शिक्षक झाले. खेड्यातली शाळा, तुटपुंजा पगार. तिथे त्यांनी 18 वर्षं काढली. ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ या कादंबऱ्या याच काळातल्या.

मग कोल्हापूर. तेव्हा हे शहर मराठी सिनेमाचं माहेरघर होतं. मास्टर विनायकांच्या ‘छाया’ची कथा खांडेकरांनी 1936 मध्येच लिहिली होती. 1938 मध्ये ते कोल्हापुरात आले आणि इथलेच झाले.

‘ययाति’ आली 1959 मध्ये. यातल्या ययातीवर वडिलांची सावली आहे. नहुषाला मिळालेला शाप असा, की त्याची मुलं कधीच सुखी होणार नाहीत. थोरला यती घर सोडून जातो, तर ययाती सुखामागे धावत राहतो. अकाली म्हातारपण आलं तेव्हा तो धाकट्या पुरूचं तारुण्य घेतो. म्हणजे बापाची चूक मुलाने फेडायची, हे दोन पिढ्यांत दोनदा घडतं. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात, त्यामुळे एकाला दोषी ठरवून वाचकाला मोकळं होता येत नाही.

खांडेकरांना ही गोष्ट पुराणापुरती ठेवायची नव्हती. स्वातंत्र्यानंतर वाढत चाललेला भोगवाद त्यांना ययातीत दिसत होता. मोठ्यांनी आज सगळं उपभोगून टाकलं, तर पुढच्यांच्या वाट्याला काय उरणार, हा त्यांचा प्रश्न होता.

‘ययाति’ला 1960 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1974 चं ज्ञानपीठ मिळालं, तेव्हा तो मान मिळवणारे ते पहिले मराठी लेखक ठरले. अखेरच्या वर्षांत दृष्टी गेली, तरी मजकूर सांगून लिहून घेणं चालूच होतं. 2 सप्टेंबर 1976 रोजी त्यांचं निधन झालं.

आज कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृतिसंग्रहालय आहे. नाव अर्थातच वि. स. खांडेकर. आत्मारामांचा गणेश मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.